नऊ घड्यांची गोधडी

मामंजी,

परवा तुमचं तेरावं झालं. धारहून बरीच माणसं आली होती, तुमच्या कचेरीतले दोघे जुने सहकारीही. सगळे तुमच्या अक्षराबद्दल बोलले, तुम्ही काढलेल्या नकाशांबद्दल बोलले. गावाचा नकाशा पटवाऱ्याकडे कापडावर असतो, त्याला इकडे लट्ठा म्हणतात. तर तहसिलीत अजून तुमच्याच हातचे लट्ठे चालतात, असं एक जण सांगत होता. मी पानं वाढता वाढता ऐकत होते. गोधड्यांचा विषय निघाला तो हसण्यावारी. म्हातारपणी साहेबांनी भलताच नाद लावून घेतला होता, एवढंच.

तो नाद कसा लागला ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसले आहे. मराठी लिहायची मला सवय नाही, सगळं शिक्षण देवासच्या हिंदी शाळेत झालं. तुम्ही असतात तर लाल पेन्सिल घेऊन शेजारी बसला असतात. चुका सापडतील त्या राहू देते. तुमच्याशी भांडायला तेवढंच निमित्त उरलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. हे देवासला कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलायची. आमचं बिऱ्हाड तिथे. तुम्ही धारला एकटे, दोन खोल्या आणि पुढे ओटा. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझ्या माहेरी बाईमाणूस कुठे होतं? मी चौदा वर्षांची असताना आई गेली. बाबा सांगलीकडून फिटरच्या नोकरीवर देवासला आलेले, एका खोलीत राहायचे, स्वतःचं पिठलं स्वतः करायचे. तेव्हा ठरलं की मी धारला तुमच्याकडे राहायचं. तुमच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्याबाई, गल्लीच्या टोकालाच राहायच्या, त्या बाळंतपण पाहतील. हे दर रविवारी येतील.

आता सांगायला हरकत नाही, मी तुम्हाला फार घाबरत होते. ‘मामंजी’ हा शब्दसुद्धा मी लग्नाआधी ऐकला नव्हता. आमच्या कॉलनीत सासऱ्याला कुणी बाबा म्हणायचं, कुणी पापाजी. तुमच्या घरात सगळं जुन्या वळणाचं, आणि माझी मराठी देवासची. मी म्हणायची, पहले भाजी करते. तुम्ही वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचात, पहले नव्हे, आधी. मी म्हणायची, फुरसत मिळाली की धुणं भिजवते. तुम्ही म्हणायचात, सवड. पहिल्या आठवड्यात आपलं बोलणं एवढंच झालं. दुसऱ्या आठवड्यात मी बोलणंच बंद केलं.

मग आत्याबाईंनी माझी ओटी भरली. गल्लीतल्या आठदहा बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं सहज विचारलं, माहेरून बाळंतविडा कधी येणार? बाळाची झबली, टोपडी, दुपटी, गोधडी, सगळं माहेरून यायचं असतं ना. मी काही बोलायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या की तिच्या माहेरी करायला कोण आहे, काही यायचं नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. खरं तेच बोलल्या. पण मी ओटीतला नारळ सावरत उठले आणि स्वयंपाकघरात हंड्याकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर बायका हसत होत्या, कुणी नाव घ्यायचा आग्रह करत होतं. तुम्ही पुढच्या खोलीत वाचत बसला होतात. तुम्हाला काही ऐकू गेलं असेल असं मला वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाजारातून आलात. पिशवीतून भाजी काढून ठेवलीत, मग सुयांची एक पुडी आणि कोऱ्या मांजरपाटाची घडी. माझ्यासमोर पाट ओढून बसलात. त्या घरात तुम्ही मला पहिल्यांदा काही विचारलंत ते असं :

"सूनबाई, गोधडीला दोरा कोणता लागतो?"

मी म्हटलं, मला नाही ठाऊक. आई शिवायची, मी कधी शिकले नाही.

"मलाही ठाऊक नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणजे दोघांनाही सारखंच येतं. बरं झालं."

पुढचे चार दिवस घरात सर्व्हेचं काम चाललं. तुम्ही आधी कागदावर गोधडीचा नकाशा काढलात, प्रमाणासकट. मग कापडाचे चार थर जमिनीवर अंथरून, पट्टी लावून, अर्ध्या अर्ध्या इंचावर पेन्सिलीच्या रेघा आखल्यात. एक टाका रेघ सोडून गेला की उसवायचा. दोरा असा ओढायचात की तो तुटेल की कापड फाटेल, मला कळेना. पाचव्या दिवशी गोधडी झाली. चारही कडा काटकोनात. लांबून कशी दिसते ते पाहायला तुम्ही ती भिंतीशी धरलीत आणि हात काढून घेतलात.

ती उभीच राहिली. खाली सरकली नाही, वाकली नाही.

आपण दोघं बघत राहिलो. मी तोंडाला पदर लावला, सासऱ्यासमोर हसायचं कसं? एवढ्यात तुमच्याकडून एक बारीकसा आवाज आला. वळून पाहते तर तुमचे खांदे हलत होते. मग तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत आणि म्हणालात, "ही बाळाला गुंडाळायची नाही, सूनबाई. बाळाला हिला टेकून बसवायचं." मला हसता हसता पोटात बाळ फिरलेलं कळलं. त्या दिवसानंतर तुम्ही माझी भाषा सुधारायचं काही सोडलं नाहीत, पण मी घाबरायचं सोडलं.

ती गोधडी उन्हात ओट्यावर टाकली होती. नालछ्याकडून टोपलीत गराडूचे कंद विकायला आणणारी सुगनाबाई दारात आली. तिनं दोन बोटांनी कापड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "यो गोदड़ी नी हे, बासाब. यो तो पाटियो हे." फळी म्हणाली ती तुमच्या गोधडीला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तुम्ही आत निघून गेला असतात. पण तुम्ही तिला विचारलंत, मग गोदडी कशी करतात, दाखवतेस? तिनं टोपली उतरवली आणि ओट्यावर बसली.

नवं कापड चालत नाही, हा तिचा पहिला धडा. शंभरदा धुतलेलं, आता फाटेल की मग फाटेल असं कापड पाहिजे. तुम्ही तुमची जुनी धोतरं आणलीत. मधून शिवायला घ्यायचं नाही, कडेनं सुरू करून फेरे घालत आत यायचं. रेघ आखायची नाही, मागच्या फेऱ्याच्या शेजारून चालायचं. आणि दोरा बैल बांधल्यासारखा ओढायचा नाही. रोज सकाळी टोपली रिकामी झाली की ती तासभर येऊन बसायला लागली. तुम्ही तिला ‘गुरुजी’ म्हणायला लागलात. तिला ते फार आवडायचं. मी दोघांना चहा आणून द्यायची आणि तिथेच टेकायची. पौषातलं ऊन असायचं. त्या ओट्यावर मला कितीतरी वर्षांनी घरी असल्यासारखं वाटलं.

रस्त्यावरून जाणारे थांबायचे. तुमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी खवचटपणे विचारलं, काय साहेब, सुनेनं कामाला लावलं वाटतं? तुम्ही सुईवरची नजर न काढता म्हणालात, "उमेदवारी चालू आहे. अजून कायम केलेलं नाही."

सगळ्यांनाच ते हसण्यावारी नेता आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, गजानन, पुरुषानं गोधड्या शिवायच्या आणि त्याही मूल जन्मायच्या आधी, हे आपल्या घरात कधी झालं नाही. तुम्ही ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी ते ह्यांच्या कानावर घातलं. त्या रविवारी हे बसस्टँडवरून आले. ओट्यावर तुम्ही मांडीवर कापड घेऊन बसलेले, शेजारी सुगनाबाई, समोर दोन बघे. ह्यांनी तुमच्या मांडीवरचं कापड उचललं आणि आत आणून कॉटवर टाकलं. सुई तशीच लोंबत होती. तुम्ही मागोमाग आत आलात.

हे म्हणाले, अण्णा, लोक हसतात. देवासपर्यंत गोष्ट गेली आहे. गोधडी पाहिजे तर मी विकत आणतो.

मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही चिडला नाहीत. कॉटवर बसलात, सुई शोधून नीट कापडात खोचलीत.

"तुझा जन्म झाला तेव्हा मी दौऱ्यावर होतो," तुम्ही म्हणालात. "अमझेऱ्याच्या बाजूला मोजणी चालली होती. तार आली, पण साहेबांनी सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार मागे लागलो नाही. काम पुरं करायचं होतं. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू चार महिन्यांचा झाला होतास. मला पाहून रडलास. तुझी आई म्हणाली, परक्याला पाहून रडतो. ते मी तिच्या हयातीत विसरू शकलो नाही. आता मला काही काम नाही. हसू दे लोकांना."

हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग कापड उचलून परत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि सुगनाबाईला म्हणाले, बैठो माँजी, चाय पीके जाना.

पुढच्या रविवारी ह्यांनी देवासहून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं आणलं. हे माझ्या बाबांकडे जाऊन आले होते. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. पुडक्यात आईचं लुगडं होतं. हिरवं, बारीक चौकड्यांचं, काठ फिकट झालेले. आईचं एवढंच उरलेलं. बाबांनी पत्र्याच्या पेटीत तळाशी जपून ठेवलं होतं. बाळंतविडा म्हणून त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, ते त्यांनी दिलं.

तुम्ही ते हातात घेतलंत, गालाला लावून पाहिलंत आणि म्हणालात, याच्यापेक्षा मऊ कापड मिळणार नाही, हेच घेऊ. मी ते तुमच्या हातातून ओढूनच घेतलं. म्हटलं, याला कात्री लावायची नाही. तुम्ही म्हणालात, पेटीत ठेवलेल्या कापडाला कसर खाते. मी म्हटलं, खाऊ दे, पण कापायचं नाही. आणि मग जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, सासूबाईंची लुगडी कुठे आहेत मग? ती का नाही कापत?

 मला जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"एकही नाही," तुम्ही म्हणालात. "तेराव्याच्या दिवशी सगळी वाटून टाकली. मला वाटलं, डोळ्यांपुढे नकोत. आता एखादी चिंधी असती तर बरं झालं असतं. ठेवलं हे चूक की दिलं हे चूक, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

दोन दिवस लुगडं माझ्या उशाशी होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलात. दुपारी मला हाक मारलीत. चेहऱ्यावर मोजणी जुळल्याचा आनंद होता. नऊ वार लुगडं, तुम्ही म्हणालात, वारावारावर घडी घालायची, एकदा उलटी, एकदा सुलटी. नऊ थर होतात. लांबी-रुंदी बाळाच्या गोधडीला बरोब्बर. कात्रीचं नावच नको. वरखाली माझं धोतर लावायचं. आणि कधी तुला वाटलं तर टाके उसव, लुगडं जसंच्या तसं बाहेर येईल.

मी जमिनीवर बसून स्वतःच्या हातानं त्या नऊ घड्या घातल्या. आठ महिने भरलेलं पोट, वाकता येत नव्हतं, तुम्ही पलीकडचे काठ धरलेत. घालता घालता एका घडीत मला आईच्या हातचं रफू सापडलं, काठाजवळ, नखाएवढं. तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "टाका बघ कसा आहे. हिला गुरुजी करायला हवं होतं."

अकरा थर म्हणजे सुई आत जाईना. सुगनाबाईनं अंगुस्तान घालायला शिकवलं तरी तुमची बोटं सोलली. तिनं स्वतः दोन फेरे घातले, मी एक घातला. आणि एका दुपारी आत्याबाई आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि जाताना जरीच्या खणाचे चार तुकडे ठेवून गेल्या. कोपऱ्यांना लावा म्हणाल्या, कोपरे लवकर विरतात.

बाळानं गोधडी पुरी व्हायची वाट पाहिली नाही. सकाळी कळा सुरू झाल्या आणि आत्याबाई मला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेल्या. तुम्ही मागून आलात, बगलेत गोधडी. बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही शेवटचे फेरे घालत होतात हे मला नंतर कळलं. दुपारी मुलगी झाली. तुम्ही आत आलात तेव्हा गोधडीला सुई तशीच होती. नर्सबाई ओरडल्या, बाबूजी, पहले सुई तो निकालो. तुम्ही घाबरून दोरा दातानं तोडलात, सुई टोपीत खोचलीत. मग बाळाला गुंडाळून घेतलंत. ती रडली नाही. तुम्ही तिच्याकडे बघत होतात आणि ती तुमच्या चष्म्याकडे.  मी झोपेचं सोंग घेतलं, कारण तुमच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

संध्याकाळी तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. आत्याबाई म्हणाल्या, अरे, मुलीला बर्फी वाटतात. तुम्ही म्हणालात, मला पेढे आवडतात.

मामंजी, त्यानंतर तुम्ही ज्या गोधड्या शिवल्यात त्यांचा हिशेब मी ठेवला नाही. गल्लीत पाळणा हलला की तुमच्याकडे जुनी लुगडी यायची. ह्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी मागितल्या, त्या हेच धारला कापडं आणून देत आणि तयार गोधड्या घेऊन जात. लोक हसायचे थांबले की नाही कुणास ठाऊक. आम्ही ऐकायचं थांबलो.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. दर दिवाळीला तुम्ही विचारायचात, मुलगी मोठी झाली, आता टाके उसवून आईचं लुगडं काढून ठेवतेस ना? मी म्हणायची, राहू दे. तुम्ही म्हणायचात, मी शब्द दिला होता. मी म्हणायची, शब्द मला दिलाय, मला घाई नाही. तुम्हाला वाटायचं, मी आळस करते. तसं नव्हतं. ती गोधडी उसवली असती तर लुगडं माझ्या आईचं झालं असतं आणि धोतर तुमचं. मला ती दोन्ही एकत्र हवी होती. हे साधं वाक्य तुमच्यासमोर बोलायला मला नऊ वर्षांत जमलं नाही. आणि हेही राहिलं, की ओटीभरणाच्या दिवशी तुम्ही सगळं ऐकलं होतंत हे मला ठाऊक होतं. तुम्ही ते कधी दाखवलं नाहीत. आभार मानावेत तर तुम्ही म्हणाला असतात, ‘शुक्रिया’ नव्हे. आणि पुढचं बोलणं हसण्यावारी गेलं असतं.

गेल्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि आम्ही तुम्हाला देवासला आणलं. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तुम्ही दोन दिवस काही न करता बसला होतात. मग नातीनंच तोड काढली. रोज शाळेला जायच्या आधी ती सात सुया ओवून ठेवायची, सातही तुमच्या उशीत टोचून. दोरा संपला की तुम्ही चाचपून पुढची घ्यायचात. शाळेतून आली की किती उरल्या ते मोजायची. आजोबांनी आज आळस केला की नाही, ते तिला त्यावरून कळायचं.

तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी चार सुया वापरून झाल्या होत्या. तीन राहिल्या होत्या. मांडीवर कॉलनीच्या पलीकडच्या टोकाला, क्वार्टरमधल्या सुनेच्या बाळासाठी घेतलेली गोधडी होती, मध्यापर्यंत यायला तीन-चार फेरे कमी. आम्हाला वाटलं, तुम्हाला डुलकी लागली आहे.

त्या तीन सुया तेरा दिवस उशीत तशाच होत्या. पोरगी कुणाला हात लावू देईना. काल सकाळी पलीकडून निरोप आला की सुनेला मुलगा झाला, घरी आणलं. पोरीनं ऐकलं, उशी उचलली आणि दारात उन्हात जाऊन बसली. दुपारपर्यंत तिन्ही सुया संपल्या, चौथी तिनं स्वतःसाठी ओवून घेतली. मी दोनदा डोकावून पाहिलं. टाके लांब पडले होते, एक फेरा पार वाकडा गेला होता. शिकवावंसं वाटलं, पण मी मागे फिरले.

हे म्हणाले, मी सायकलवर नेऊन देतो. ती म्हणाली, नाही, मी नेणार. ऊन कडक होतं, तर तिनं गोधडी घडी करून डोक्यावर घेतली आणि निघाली.